दुधीतला सोमल

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेली मी पहिली. माझ्याआधी मॅट्रिकपर्यंत पोचलेला एकच काका होता, आणि तो तिथेच तीन वेळा बसला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्या लघवीचा विषय वारंवार निघणार आहे आणि वाचणाऱ्याने मला अडाणी समजू नये. रसायनशास्त्र, फर्स्ट क्लास.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा मी साकीनाक्याच्या एका काचेच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. तिथे औषधाच्या बाटल्या बनत. भट्टीत काच वितळते तेव्हा तिच्यात बुडबुडे अडकतात. ते निघावेत म्हणून मालात थोडा सोमल टाकत. सोमल म्हणजे आर्सेनिकची पांढरी पूड, जुन्या गोष्टींत सावत्र आई दुधात कालवते तीच. तो डबा कुलपात असे. माल कालवणारा भय्या तोंडाला फडकं बांधून, हातमोजे चढवून त्यातून मोजून घेई. मी त्या डब्यापासून दोन भिंती पलीकडे, वाळू आणि सोडा तपासत बसलेली.

नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. काम पटलं तर परमनंट. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत हा शब्द गणपतीच्या नावासारखा घेत. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते अंधेरीला एका सोसायटीत वॉचमन होते. त्यांच्या मते वॉचमनची नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या दाराशी बसून स्वतःच्या दाराची काळजी करणं. त्यामुळे मी परमनंट होणं ही एकट्या माझी गोष्ट राहिली नव्हती. नळावर बायका विचारत, "झालंस काय गो?" लग्न झालेल्या मुलीला विचारतात ना, त्याच आवाजात.

साहेबांना माझं काम पटलं. राहिली फक्त डॉक्टरी तपासणी. डोळे, छातीचा फोटो, आणि कारखान्यात सोमल वापरतात म्हणून लघवीतलं आर्सेनिक.

आता आमच्या आईचा एक नियम सांगायला हवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी माशाची मुंडी खायची. मुंडीत मेंदू असतो, मेंदूने मेंदू वाढतो, असं तिचं शास्त्र. चौथीपासून बी.एस्सी.पर्यंतची प्रत्येक परीक्षा मी मुंडी खाऊन दिली आणि एकदाही नापास झाले नाही. त्यामुळे या शास्त्राविरुद्ध बोलायला मला तोंड नव्हतं. तरी मी म्हटलं, "आये, ही डोक्याची परीक्षा नाय गो. लघवीची आहे."

"परीक्षा ती परीक्षा," आई म्हणाली. "वरसून घेवंदे नायतर खालसून."

रविवार होता. सुरमईची मुंडी झाली, कुर्ल्यांचं तिखलं झालं, तिसऱ्यांची म्हणजे शिंपल्यांची एकशिपी झाली, आणि कोळंबी स्वस्त मिळाली म्हणून तिचं सुकं झालं. सोमवारी सकाळी मी भरल्या पोटाने आणि तृप्त मनाने कारखान्याच्या बाटलीत नमुना दिला. बाटली आमच्याच कारखान्याची, बुडबुडा एक नाही.

आठवड्याने डॉक्टरांनी बोलावलं. ते मुलुंडहून आठवड्यातून दोनदा येत. हळू, शुद्ध बोलत आणि प्रत्येक वाक्यानंतर चष्मा पुसत. त्या दिवशी चष्मा पुसून पुसून काच झिजायची वेळ आली.

"तुम्ही तो सोमलाचा डबा हाताळता का?"

"नाही."

"त्या खोलीत बसून जेवता?"

"डॉक्टर, त्या खोलीत मी शिंकतसुद्धा नाही."

"मग सगळ्या कारखान्यात सर्वांत जास्त आर्सेनिक तुमच्या लघवीत कसं?"

पहिलं येण्याची मला सवय होती, पण ही यादी वेगळी होती. रोज सोमल मोजणाऱ्या भय्याचा आकडा माझ्या निम्मासुद्धा नव्हता. त्याने दारातून माझ्याकडे बघून हात जोडले. म्हणाला, "दीदी, हम तो खाली तौलते हैं."

मॅनेजरसाहेब घाटकोपरचे गुजराती, कांदालसूणही न खाणारे. ते खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "बेन, घर में कोई टेन्शन आहे का? कोणी काय देतो खायला?" त्यांच्या डोळ्यांत सगळ्या सावत्र आया तरळून गेल्या. माझी आई सख्खी आहे, असं मी ठणकावून सांगितलं.

मग डॉक्टरांना एकदम काहीतरी सुचलं. "नमुना दिलात त्याच्या आदल्या दिवशी काय जेवला होतात?"

मी सांगायला लागले. मुंडीला त्यांनी मान हलवली. कुर्ल्यांना पेन खाली ठेवलं. तिसऱ्यांना डोळे मिटले. कोळंबीपर्यंत आल्यावर मॅनेजरसाहेब उठून खिडकीशी गेले.

"मासळीत आर्सेनिक असतं," डॉक्टर म्हणाले. "चार दिवस मासे पूर्ण बंद. मग पुन्हा नमुना द्या. या वेळी साफ यायला हवा हं. नाहीतर मी तुम्हाला फिट असं लिहून देऊ शकणार नाही."

फिट नाही म्हणजे परमनंट नाही. हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मला विषाची भीती वाटली नाही, अपमान मात्र वाटला. ज्या मुंडीने मला फर्स्ट क्लास दिला तिच्यात सोमल? संध्याकाळी मी तडक माझ्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या सरांकडे गेले. सर म्हणाले, "अगं, हे अलीकडेच कळलंय. शेवंडाच्या, म्हणजे लॉबस्टरच्या मांसातून तो पदार्थ वेगळा काढलाय," आणि फळ्यावर चित्र काढलं. ते चित्र मी अजून विसरलेले नाही. पण चाळीत ते चित्र चाललं नसतं, म्हणून मी त्याचं चाळीच्या भाषेत रूपांतर केलं. तेच इथे देते.

समुद्राच्या पाण्यात मुळातच किंचित आर्सेनिक असतं. शेवाळाला हवा असतो फॉस्फेट, पण दोघांची चण सारखी, म्हणून शेवाळ फसून आर्सेनिकलाही घरात घेतं. शेवाळाला बारीक जीव खातात, त्यांना कोळंबी खाते, कोळंबीला मासा खातो. माशाच्या अंगात आर्सेनिक येतं ते मुख्यतः असं पोटातून, थोडंफार कल्ल्यांतून. म्हणजे आर्सेनिक हा एक गुंड. सुटा असला की वाटेल त्याला मारतो. पण या प्रवासात कुठेतरी त्याचं लग्न लावून देतात. तीन मिथिल गट त्याच्या अंगाखांद्यावर चढतात, ही त्याची तीन पोरं. आणि एका बाजूने एक आम्लाची शेपटी त्याची कॉलर धरून उभी राहते, ती बायको. आता हा कुणाला मारणार? दोन्ही हात गुंतलेले. असा संसारी आर्सेनिक मासा आपल्या मांसात निवांत ठेवतो. आपण तो मासा खाल्ला की हा गृहस्थ आपल्या पोटात येतो, कुणाशी बोलत नाही, चहासुद्धा घेत नाही, आणि पोरंबाळं घेऊन जसाच्या तसा लघवीवाटे निघून जातो. हे लग्न नेमकं कुठे लागतं, शेवाळात, कोळंबीत की माशात, ते त्या वेळी सरांना ठाऊक नव्हतं, आणि पुढे मी जे वाचलं त्यावरून सांगते, शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं ठाऊक नाही. पळून जाऊन केलेलं असणार.

गोची अशी की तपासणीवाले नमुना तेजाबात उकळून जाळून टाकतात आणि एकूण आर्सेनिक किती तेवढंच मोजतात. म्हणजे आडनाव बघून पकडणारा हवालदार. संसारी कोण, गुंड कोण, तो विचारत नाही.

हे मी घरी समजावलं. बाबांना पटलं. आई म्हणाली, "लगीन झालेलो गुंड अजून वायट. आमच्या बाजूक एक होतो."

पण चार दिवस मासे बंद, हे तिने फार गंभीरपणे घेतलं. व्रतच म्हणाना. तवा घासला, कालथा घासला, मुंडीची कढई वर फळीवर पालथी घातली. दुसऱ्या दिवशी वर्सोव्याहून येणारी कोळीण मावशी पाटी घेऊन दारात उभी राहिली, तर आई आतूनच ओरडली, "आज नको!"

"आज नको?" मावशी म्हणाली. "कोन मेला का गो घरान?"

"मराक नाय कोण. पोरीच्या लघवयेत इख गावला. डाक्टरान मासे बंद केल्यान."

बस. मावशीने पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले, आणि "माझ्या म्हावऱ्याला इख म्हनतंस?" असं म्हणून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा आपल्या तीन पिढ्यांच्या म्हावऱ्याचा इतिहास सांगितला. मी बाहेर येऊन शेवाळापासून सुरुवात केली. तिने कोळंबीपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे म्हावरा इखाला गुन्यागोविंदान नांदवतं, आन नाव म्हावऱ्याचाच खराब?" इतकं चांगलं सार मला परीक्षेच्या पेपरातही लिहिता आलं नसतं. तरी पुढे चार दिवस ती आमच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने ओरडायची, "ताजा पापलेट! बिगर इखाचा!"

नमुन्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे महत्त्वाच्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. नारळ, विडा, सगळं साग्रसंगीत. चाळीतली मालवणी मंडळी गॅलरीत जमली. मी दाराआड उभी राहिले, कारण मला कळून चुकलं होतं की आता काय होणार.

"बा देवा म्हाराजा!" बाबा गरजले.

"होय म्हाराजा!"

"आज ह्या तुज्या लेकराच्या लघवीची जी काय तपासणी ठरली हा..."

"होय म्हाराजा!"

"तिच्यात जो काय सोमल, जा काय इख, जी काय करणी-बाधा आसात, ती भायरच्या भायर निघान जांव दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि तिका परमनंट होवंदे रे म्हाराजा!"

या होकाराला पलीकडच्या चाळीतली कुत्री भुंकली. माझी लघवी आता सार्वजनिक झाली होती. पण एक सांगते, रसायनशास्त्राच्या बाजूने ते गाऱ्हाणं बिनचूक होतं. मासळीतलं आर्सेनिक बाहेरच्या बाहेरच जातं.

नमुना दिला. निकाल आला. आर्सेनिक आहेच. पहिल्याइतकं नाही, पण भय्यापेक्षा बरंच जास्त.

डॉक्टरांनी या वेळी चष्मा पुसला नाही, काढूनच ठेवला. "मासे खाल्ले नव्हतेत ना?"

"देवाशपथ नाही."

"मग मासळीचं कारण राहत नाही. तुमच्या अंगात आर्सेनिक दुसरीकडून कुठूनतरी जातंय."

मॅनेजरसाहेब खरोखर चांगला माणूस, त्यांना वाईट वाटत होतं. ते म्हणाले, "बेन, एक आखरी टेस्ट. महिना संपला की बोली संपली. मग माझ्या हातात काय नाय."

मी प्रयोगशाळेत येऊन बसले. जेवणाचा डबा उघडला. दुधीची भाजी आणि भाकरी. निकाल येईपर्यंत मासे नकोतच म्हणून इतके दिवस हेच चाललं होतं, दुधी, वांगं, पुन्हा दुधी. मासे नसताना दुधी इतका चविष्ट लागतो हे मला पहिल्यांदाच कळत होतं. घास तोंडाशी नेला आणि मी थांबले. दुधी इतका चविष्ट कसा?

रडत बसायला मी काय मॅट्रिकला अडकलेला काका नव्हते. मी सरळ घास खाली ठेवला आणि डब्यातला दुधी काचेच्या भांड्यात घेऊन तेजाबात उकळायला लावला. शेजारच्या भांड्यात तुलनेसाठी मॅनेजरसाहेबांच्या डब्यातली भेंडी मागून आणली. त्यांनी कारण विचारलं नाही. विषबाधा झालेल्या मुलीला भेंडी कोण नाकारणार? दोन्ही जळून पाण्यासारखं स्वच्छ होईपर्यंत दुपार गेली. मग दोन्हींत जस्त आणि आम्ल घातलं. आर्सेनिक असेल तर त्यातून एक वायू निघतो आणि वर ताणून बसवलेला रसायनाचा कागद पिवळा-तपकिरी होतो.

भेंडीचा कागद पांढरा राहिला.

दुधीचा कागद आधी पिवळा झाला, मग तपकिरी, अगदी तळलेल्या बोंबलाच्या रंगाचा.

तोवर वासाने मॅनेजरसाहेब दारात आले होते. दुधी जळताना त्यातून जो वास सुटला होता तो दुधीचा नव्हता. तो वास मला ओळखीचा होता. साहेबांना नव्हता, म्हणून ते नाकाला रुमाल लावून विचारत होते, "कोण मेला?" थोड्याच दिवसांत दुसऱ्यांदा हा प्रश्न आमच्यामुळे विचारला जात होता.

घरी पोचले ती चपला न काढताच स्वयंपाकघरात. "आये, दुधीत काय घातलंस?"

"कांदो, मिरची, खोबरा."

"आणि?"

"आणि काय? जवळो."

जवळा म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, करंगळीच्या नखाएवढी; आई ती चुरून घालते, म्हणून भाजीत दिसत नाही. "आये! मासे बंद म्हटलं होतं ना!"

"मासो खंय घातलंय?" आई खरोखर चकित झाली. "जवळो म्हणजे मासो काय गो? ता चवीक."

"तो कोळंबीचा भाऊ आहे!"

"सुकलेलो भाव. सोमवारी नाय तुझो आजो खाय?"

आणि ते खरं होतं. आमचे आजोबा कडक सोमवार करत आणि त्या दिवशी दुधीत जवळा असे. आमच्याकडे जवळा मासळीत धरत नाहीत. मीठ, हळद, जवळा, अशी ती ओळ. बरणीसुद्धा मसाल्यांच्या फळीवर. पदवी घेऊनही मला कधी ती बरणी फळीवर खटकली नव्हती, मग आईला काय बोलणार? शिवाय समुद्राचं पाणी उडून गेलेल्या त्या इवल्या जिवात संसारी गुंड दाटीवाटीने बसलेले.

आता शेवटचा नमुना. बाबांनी सूत्रं हातात घेतली. वॉचमनच ते. घरातलं स्टूल उचललं, चुलीशेजारी ठेवलं, ड्युटीची टोपी घातली आणि बसले. आईचा हात फळीकडे वळला की शिटी. एकदा ती नुसती हळद काढायला गेली तरी शिटी.

"हळद आसा ती, मेल्या!"

"दाखव."

तिने बरणी त्यांच्या नाकाखाली धरली. त्यांनी वास घेतला, मान हलवली, हळद आत सोडली. जवळ्याची बरणी शेजारणीकडे ठेवायला दिली होती, तरी आईचा हात सवयीने रिकाम्या जागेकडे जायचा आणि तिथेच थबकायचा. दुपारच्या डब्याचा धोका नको म्हणून मॅनेजरसाहेबांनी स्वतः घरून माझ्यासाठी डबा आणला. गोड डाळ, गोड भाजी, आणि खाकरा. मी रोज त्यांच्यासमोर संपवायचे आणि ते समाधानाने बघायचे, जणू काही मला धर्मात घेतलं. घरी आई विचारायची, "काय दिल्यान?" मी सांगितलं की कपाळावर हात. "डाळीत साखर? ह्येच्यापरास सोमल बरो."

या वेळी गाऱ्हाणं नको, असं मी बजावलं. आई एकटीच देवापुढे काहीतरी पुटपुटली. मी विचारलं नाही. रोजच्या तिच्या आवाजापेक्षा ते फार हळू होतं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की तिलाही भीती वाटत होती.

निकाल आला तेव्हा डॉक्टर हसत होते. साफ. भय्यापेक्षाही कमी. तो पुन्हा दारात आला आणि या वेळी जरा रुसल्यासारखा दिसला. साहेबांनी परमनंटच्या पत्रावर सही केली. सहीची शाई वाळायच्या आधी म्हणाले, "बेन, आणखी लोक फसतील. एक नोटीस लिही. तुला म्हायती हाय कुठे कुठे मच्छी लपते."

परमनंट झाल्यावरचं माझं पहिलं काम ते. मराठीत लिहिलं, माझ्या हाताने, प्रयोगशाळेच्या दारावर लावायला. एक प्रत घरी आणली. संध्याकाळी पेढे वाटताना बाबांनी ती गॅलरीत उभं राहून मोठ्याने वाचायला घेतली. "लघवी तपासणीच्या आधी चार दिवस मासळी खाऊ नये."

चाळीला काय, सवय झालेली. "होय म्हाराजा!"

"कुर्ल्या, तिसऱ्या, कोळंबी खाऊ नये."

"होय म्हाराजा!"

"सुके बोंबील, सोडे खाऊ नयेत. भाजीत चवीपुरता घातलेला जवळा हासुद्धा मासाच आहे."

इथे एकानेही होकार भरला नाही. सगळे माझ्या आईकडे बघायला लागले. कोळीण मावशी रिकामी पाटी घेऊन जिन्यात थांबली होती, तिनेही नकारार्थी मान हलवली.

आईने पत्राची घडी देवाजवळ ठेवली, शेजारणीकडून बरणी परत घेतली आणि दुधी चिरायला बसली.

"परमनंट झालंस, बरा झाला," ती म्हणाली. "पण काय पन लिव नको."